आबांच्या सळईची मूठ

आबांनी सळई जमिनीला टेकवली की चढावरची अख्खी गल्ली चिडीचूप व्हायची. उगाच वाढवून सांगत नाही. टोकाच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबायचा. पत्र्याचे डबे ठोकणारा हातोडा मांडीवर ठेवून बसायचा. नळावर भांडणाऱ्या बायका तोंडातला शब्द तोंडातच धरून उभ्या राहायच्या, आणि नळावरचं भांडण अर्ध्यावर थांबवणं ही काय चीज आहे, ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. शाळेत पाढे म्हणणारी पोरं ‘बारा साते’ला येऊन अडकायची. आबांचं ऐकून झालं, त्यांनी हात वर केला, की मग शाळेच्या खिडकीतून एकदम फुटायचं, ‘चौऱ्याऐंशी!’

आबा पाणीखात्यात गळती शोधायचं काम करायचे. जमिनीखाली बिडाचे पाईप, वर रस्ता, आणि खाली कुठे फुटलंय ते वरून दिसायची सोय नाही. त्यासाठी ही सळई. चार फूट लांब, खालचं टोक लोखंडी, वर लिंबाएवढी लाकडाची मूठ. टोक वॉल्व्हवर नाहीतर रस्त्याच्या दगडावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. पाणी जिथून निसटतंय तिथला आवाज लोखंडातून वर चढतो. सांगायला सोपं आहे हो. करून बघा म्हणजे कळेल, नुसती घूं घूं ऐकू येते आणि मान आखडते.

आबांची रीत जरा निराळीच होती. ते चारचौघांसारखे वाकून ऐकत नसत. भिंतीकडे तोंड करायचे, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून सळईवर ओढून घ्यायचे आणि त्या तंबूत पाच पाच मिनिटं स्वस्थ उभे राहायचे. लोक म्हणायचे, मंत्र म्हणतात. मग टॉवेल काढून दहा पावलं पुढे, परत टॉवेल. असं करत करत शेवटी खिशातला खडू काढायचे, रस्त्यावर फुली मारायचे आणि सांगायचे, “इथे. दीड हात खाली. डाव्या अंगाला.” मजूर खणायचे, आणि दीड हातावर, डाव्या अंगाला, पाणी कारंज्यासारखं उसळायचं. पुढे उभ्या असलेल्या एखाद्या साहेबाची विजार भिजली नाही असं क्वचितच झालं.

हे सगळं डोळे फाडून बघणारी एक पोर नेहमी गिरणीच्या पायरीवर बसलेली असे. ती आबांची नात. लहानपणी खुट्ट झालं की रडायची, म्हणून आबांनी तिचं नाव ठेवलं होतं टाकी. “टाकी वाहायला लागली रे, कुणीतरी चावी बंद करा!” असं ते म्हणायचे आणि रडता रडता तिला हसू यायचं. बाकीच्या पोरांचे आजोबा गोळ्या आणायचे, गोष्टी सांगायचे. टाकीचे आजोबा जमिनीच्या पोटातलं ऐकायचे. ती वर्गात सांगायची, “माझ्या आबांना दगडाच्या आतलं ऐकू येतं,” आणि एकही पोर तिला ‘चल, थापा मारू नकोस’ म्हणत नसे, कारण सगळ्यांनी ते बघितलं होतं.

लॉरीची गोष्ट तर गल्लीत पिढीजात झाली. एकदा आबा भररस्त्यात टॉवेल ओढून उभे, आणि मागून विटांची लॉरी आली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. आबा हलेनात. परत वाजवला. कावळे उडाले, एका घरातलं तान्हं पोर जागं झालं, पण आबांच्या टॉवेलाची दशीसुद्धा हलली नाही. ड्रायव्हर तावातावाने खाली उतरला, समोर जाऊन बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, परत वर चढून त्याने इंजिन बंद केलं. लोक म्हणाले, काय ही एकाग्रता! टाकीची छाती त्या दिवशी अशी फुगली की रात्री जेवण गेलं नाही.

घरी आबा म्हणजे निव्वळ धबधबा. बोलायला लागले की समोरच्याला वाव नाही. प्रश्न तेच विचारायचे, उत्तरही तेच द्यायचे. “काय, बरं आहे ना? बरंच असणार. चहा घेणार? घेणारच.” पाहुणा बिचारा हो की नाही म्हणेपर्यंत चहा पिऊन रस्त्यावर. आबांपुढे कुणाची डाळ शिजत नाही, असं टाकीचे बाबा वैतागून म्हणायचे. पण टाकीची शिजायची. ती शाळेतून आली की आबा खुर्चीत बसायचे, तिला पुढ्यात पाठमोरी उभी करायचे, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवायचे आणि म्हणायचे, “हं, आता बोल.” मग तिने सगळं सांगायचं. कुणी खोडरबर पळवलं, बाई कुणाला काय म्हणाल्या, नवीन गाणं, जुनं गाणं. हनुवटी टोचायची, दाढीचे खुंट डोक्यात रुतायचे, पण आबा जागचे हलायचे नाहीत. गाणं संपलं की ते कुठे चुकलं तेही सांगायचे.

आजी मात्र कमी बोलायची. शेजारच्या बायका स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाका मारायच्या त्या चार घरं ऐकू जायच्या. आजीने आबांना लांबून हाक मारलेली टाकीने कधी ऐकली नाही. सकाळी नळाला पाणी यायचं, तेवढं सांगायलासुद्धा ती हातातलं टाकून आतल्या खोलीत जायची, दार लोटायची, आणि मिनिटभराने आबा हंडा घ्यायला बाहेर यायचे. टाकीला वाटायचं, आजी किती रीतीची आहे.

टाकी बारा वर्षांची असताना आबा निवृत्त झाले. खात्यात नवीन मशीन आलं होतं, कानाला लावायचे डबे आणि हातात धरायची पेटी, त्यामुळे सळई आता नको म्हणून ती आबांनाच भेट दिली. घरी ती दाराआड उभी असायची. मूठ कुरतडल्यासारखी झाली होती. उंदराने खाल्ली असणार, बदलून आणू का, असं टाकीच्या बाबांनी एकदा विचारलं तर आजीसारखी गरीब बाई फाडकन म्हणाली, “हात लावायचा नाही तिला.”

टाकी शिकली, पाईप आणि पाणी हाच विषय घेऊन शिकली. दुसरं काय घेणार? आणि आबा दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होते तेव्हा तिच्या हातात पाणीखात्याचं नोकरीचं पत्र पडलं. खाटेभोवती हीऽ गर्दी. जो येईल तो ओरडतोय, “आबा, ओळखलं का? मी कोण?” आबा डोळे मिटून पडलेले. डॉक्टर म्हणाले, शुद्ध नाही. आजी पायथ्याशी बसून नुसते पाय चेपत होती. टाकी धावत आली आणि सवयीने तिने आपलं डोकं त्यांच्या हनुवटीखाली घातलं. म्हणाली, “आबा, पाणीखात्यात लागले मी.”

आबांनी डोळे उघडले. स्पष्ट म्हणाले, “गल्ली गप्प बसवता आली पाहिजे हं.” डॉक्टर आ वासून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी आबा गेले.

त्याला दीड वर्ष झालं आणि चढावरच्या गल्लीतच टाकीच्या नोकरीवर बेतलं. गल्लीच्या खालच्या अंगाला शाळा. तिची एक भिंत ओली दिसायला लागली. मग तिला तडा गेला. बोटभर तडा, आणि भिंतीच्या आत पहिलीचा वर्ग. पोरं दुसऱ्या खोलीत हलवली, पण गळती सापडल्याशिवाय भिंत वाचणार नव्हती. टाकीने ओल दिसली तिथे खड्डा घेतला. कोरडा पाईप. दुसरा खड्डा घेतला. तोही कोरडा. मशीन तर दिवसभर नुसतं घुमत होतं, जिथे लावाल तिथे गळती दाखवायचं.

दुपारी मोठे साहेब आले. खड्ड्यांकडे बघितलं, टाकीकडे बघितलं. “मॅडम, पाच वाजेपर्यंत वाट बघतो,” ते म्हणाले. “नाहीतर उद्यापासून लाईन बंद. वरपासून खालपर्यंत सगळा रस्ता उकरायचा. तीन आठवडे लोकांना टँकर.”

एकशे चाळीस घरं. त्यातलं एक टाकीचं. बायका कळश्या कमरेवर घेऊन उभ्याच होत्या, त्यांच्यात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, “आबा असते तर ही वेळ आली असती का?” आणि दुसरं कुणीतरी, टाकीला ऐकू जाईल इतपत हळू, म्हणालं, “नातीला सळई मिळाली वारशात. कान कुठून मिळणार?”

ते लागलं तिला. असं लागलं की ती सरळ उठून घरी गेली आणि दाराआडची सळई घेऊन आली. कोळिष्टकं झटकली, टोक वॉल्व्हवर टेकवलं, मूठ कानाला लावली. काय ऐकू आलं? सगळं! गिरणीची घरघर, डब्यांची ठोकाठोक, पाढे, कुकरच्या शिट्ट्या, आणि सगळ्यांच्या वर तिच्याच छातीची धडधड. साडेतीन वाजले होते. हात वर करून ‘गप्प बसा’ म्हणायचं धैर्य होईना. कोण ऐकणार तिचं? दोन कोरडे खड्डे तोंड वासून समोर पडलेले.

तेवढ्यात गिरणी थांबली.

गिरणीवाले काका पिठाने पांढरे झालेले दारात आले होते. सळईकडे बघत होते. मग डबेवाल्याचा हातोडा थांबला. बायकांनी कळश्या खाली ठेवल्या, आवाज न करता. शाळेतून ‘बारा साते’ आलं आणि पुढे काहीच आलं नाही. ज्या पोरांनी आबांना सळई टेकवताना जन्मात बघितलं नव्हतं, ती पोरं गप्प झाली होती, कारण त्यांच्या बाई लहानपणी याच शाळेत बारा सातेला अडकल्या होत्या. गल्ली आबांना विसरली नव्हती.

आणि तरीही तिला ऐकू येईना. नुसती घूं. आता तर सगळी गल्ली श्वास रोखून बघतेय, आणि हिच्या कानात घूं. टाकी वाहायला लागली. निदान कुणाला दिसू नये म्हणून तिने आबांसारखं भिंतीकडे तोंड केलं आणि ओढणी डोक्यावरून सळईवर ओढून घेतली.

त्या तंबूत मूठ अगदी डोळ्यांपुढे आली. उंदराने खाल्लेली मूठ. पण उंदीर असा ओळीत खात नाही हो! वरून एक कमान, खालून एक कमान, वर्षानुवर्षं त्याच जागी रुतलेल्या खोल खोबणी. आणि वरच्या कमानीत मध्येच एक जागा कोरी. आबांचा पुढचा एक दात लहानपणीच पडलेला होता.

टाकीने ओढणीने मूठ पुसली आणि त्या खोबणींवर आपले दात रोवले. दोन्ही कानांत बोटं घातली.

अगं बाई! बाहेरचं जग बंद झालं आणि जबड्यातून, कवटीतून, थेट डोक्याच्या मधोमध पाणी आलं. बारीक, धारदार सूंऽऽऽ, कुठल्यातरी फटीतून निसटणारं. ती दहा पावलं वर सरकली. सूं वाढलं. शाळेपासून लांब, चढाच्या बाजूला. पाणी फुटतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे, हे आबांचंच वाक्य, आणि तिने खड्डे घेतले होते दिसलं तिथे. आणखी वर, आणखी वर. थेट गिरणीच्या पायरीपाशी दात झिणझिणायला लागले. ज्या पायरीवर बसून तिचं बालपण गेलं त्याच पायरीखाली. वर दिवसभर गिरणी धडधडणार, तर मशीनला खालचं काय कप्पाळ ऐकू येणार?

“काका,” ती म्हणाली, “पायरी फोडावी लागेल.”

“फोड,” काका म्हणाले. “सळई म्हणतेय ना? मग फोड.”

तिने हात वर केला. शाळेच्या खिडकीतून ‘चौऱ्याऐंशी!’ फुटलं.

पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना कुदळीखालून पाणी उसळलं आणि साहेबांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. बायकांनी असा गलका केला की काही विचारू नका. साहेब विजार झटकत म्हणाले, “कान आजोबांचेच घेतलेस हो!”

साहेब गेल्यावर, पाईपचा जोड बदलत होते तेव्हा, गिरणीवाले काका तिच्याशेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, “कान कुठले? दातच ना?”

टाकी गर्रकन वळली. “तुम्हाला माहीत होतं?”

“मला एकट्याला? अगं, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्या लॉरीच्या दिवसापासून. एवढा भोंगा वाजला, मढं उठून बसलं असतं. ड्रायव्हर समोरून वाकून बघून आला, त्यानेच सांगितलं, म्हाताऱ्याने सळई दातात धरलीये आणि डोळे मिटलेत.”

“मग कुणी काही बोललं कसं नाही?”

“काय बोलायचं? साहेबाच्या कानावर गेलं असतं तर आबांना उचलून टेबलापाशी बसवलं असतं. आणि त्यांच्याइतकं कुणाला सापडत होतं? दोन कान असलेल्यांना तरी सापडत होतं का?” काकांनी हातावरचं पीठ झटकलं. “गिरणीची थरथर दातापर्यंत पोचते म्हणून मी पट्टा थांबवायचो. बायका आणि पोरं कशाला गप्प बसायची म्हणशील, तर एवढा मोठा माणूस ऐकतोय म्हटल्यावर आपण तोंड बंद ठेवावं. एवढं तरी कळायला नको?” उठता उठता ते थांबले. “घरी आजींना मात्र सांगू नकोस हं. त्यांना वाटतं, कुणालाच माहीत नाही.”

संध्याकाळी टाकी घरी आली तेव्हा आजी स्वयंपाकघरात पाटावर बसून होती. नळाखाली रिकामी बादली. आजीने आधी सळईकडे बघितलं, मग ओल्या मुठीकडे, मग टाकीच्या तोंडाकडे.

“कळलं वाटतं,” आजी म्हणाली.

“कधीपासून होतं ग?”

“तू जन्मायच्या आधीपासून. हळूहळू ऐकू येणंच गेलं. डॉक्टर म्हणाले, आवाज कानातून जात नाही, हाडातून जातो. मग त्यांनी स्वतःच शोधून काढलं सगळं.” आणि मग आजी ताठ बसली. टाकीने तिला इतकी ताठ बसलेली कधी पाहिली नव्हती. “पण कुणाला म्हणजे कुणाला पत्ता लागू दिला नाही मी. तुझ्या बापालासुद्धा नाही. शेवटपर्यंत.”

टाकीने सळई परत दाराआड उभी केली. “नाही ग,” ती म्हणाली. “कुणालाच नाही कळलं.”

थोड्या वेळाने तिने विचारलं, “म्हणजे आबा माझ्या डोक्यावर हनुवटी ठेवायचे ते...”

“लाडही होते, बाळा. आणि ऐकायचंही होतं. तुझी सगळी गाणी, सगळ्या चहाड्या ऐकल्या त्यांनी. तू यायच्या वेळेला तासभर आधीपासून खुर्चीत जाऊन बसायचे.”

चोवीस वर्षांची घोडी झालेली टाकी तिथेच फरशीवर बसून भडाभडा रडली. आजीने रडू दिलं. चावी बंद करा म्हणणारं आता कुणी नव्हतं.

“आणि तू कशी बोलायचीस त्यांच्याशी?” टाकीने डोळे पुसत विचारलं.

“आत जाऊन. दार लोटून. तुझ्यासारखंच.”

“मग दवाखान्यात?”

आजी रिकाम्या बादलीकडे बघत राहिली. “चारचौघांत कशी टेकू ग डोकं? ती एवढी माणसं, तो डॉक्टर. सगळं उघडं पडलं असतं त्यांचं. तू नात, तुझं चालून गेलं. मी आपले पाय चेपत बसले. ते वाट बघत होते, कळत होतं मला. पाय असे वरती घ्यायचे, उशाशी ये म्हटल्यासारखे.”

“काय सांगायचं होतं तुला?”

“कुठलं काय. आमचं रोजचंच.”

नळाने खाकरल्यासारखा आवाज केला. आधी हवा आली, मग लालसर पाणी थुंकल्यासारखं आलं, आणि मग धार लागली. टाकी उठली. आजीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसली आणि आजीच्या विरळ पांढऱ्या केसांवर तिने आपली हनुवटी टेकवली.

“हं,” ती म्हणाली. “आता बोल.”

आजीने डोळे मिटले. मग अगदी हळू, टाकीला कानाने ऐकू आलं नसतं इतकं हळू, म्हणाली, “अहो, पाणी आलं.”

टाकीला ते जबड्याच्या हाडात ऐकू आलं. बादली भरली, भरून वाहायला लागली. पाणीखात्यातल्या माणसांच्या त्या घरात असं कधी होत नसे, पण त्या संध्याकाळी नळ बंद करायला दोघींपैकी कुणीही लगेच उठलं नाही.